आतल्या खोलीत वायफाय कमी खर्चात कसं पोचवलंत?

काल भाची ऑनलाइन मुलाखतीला लॅपटॉप घेऊन ओट्याशी उभी राहिली, कारण बेडरूममध्ये रेंज नाही. एकदम २०२० आठवलं. दादरची आमची जुनी इमारत, हातभर जाड भिंती, राऊटर दाराशी. ह्यांचे कॉल हॉलमध्ये, लेकीची शाळा आत. बाईंनी प्रश्न विचारला की नेमकं चित्र गोठायचं, पोरगी रडकुंडीला यायची. शेवटी दिरांनी माळ्यावरचा जुना राऊटर काढला. त्याचा आयपी (नेटवर्कमधला पत्ता) बदलला, डीएचसीपी (बाकीच्यांना पत्ते वाटायचं काम) बंद केलं आणि मुख्य राऊटरपासून कॅट ५ई ही नेटवर्कची वायर भिंतीच्या कडेने आत नेली. दोन्हीकडे लॅन पोर्ट (घरातली उपकरणं जोडायचं), वॅनमध्ये (बाहेरचं नेट येतं त्यात) खोचायची नाही. खर्च वायर आणि क्लिपांचा. शाळा सुरळीत झाली. तुम्ही काय केलंत ते लिहा, आमच्या मजल्यावर बऱ्याच जणांना हवंय.

लालबागकर
चाळीत भिंतींपेक्षा गर्दीचा त्रास. शेजारपाजारचे सगळे वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात. फोनवर वायफाय ॲनालायझर (कुठे किती गर्दी ते दाखवणारं ॲप) टाकून १, ६, ११ पैकी मोकळा असेल तो चॅनल धरा. मधला ३ किंवा ४ घेतलात तर दोन्हीकडची गर्दी अंगावर येते. चॅनलची रुंदी ४० ची २० मेगाहर्ट्झ करा. टीव्ही राऊटरसमोरच असेल तर ५ गिगाहर्ट्झवर टाका, तेवढंच २.४ मोकळं.

मुलुंडची मावशी
लोखंडी कपाटामागे होता आमचा!! दारावरच्या फळीवर ठेवला, गॅलरीत फोन चालायला लागला. एक पैसा नाही लागला. आधी हे करून बघा, मग खरेदी.

सई
मावशी आमच्याकडेही कपाटच, पण सासूबाई हलवू देत नाहीत. त्यांच्या लग्नातलं आहे

मुलुंडची मावशी
नको गं हलवूस. राऊटरच हलव.

भाडेकरू
मालक खिळा मारू देत नाही, वायर कुठून नेणार? रिपीटर लावलाय. एकाच रेडिओवर ऐकायचं आणि तेच पुन्हा पाठवायचं, त्यामुळे स्पीड निम्म्यावर येतो, पण मेल आणि कॉल होतात. ठेवायचा वाटेत, रेंज चांगली असेल तिथे. रेंज मेलेल्या कोपऱ्यात ठेवून काही उपयोग नाही.

विक्रोळी
लाईट गेली तर काय, तेही लिहा कोणीतरी. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी अख्ख्या मुंबईची गेली होती, त्यानंतर राऊटरचा छोटा यूपीएस घेतला. ॲडाप्टरवर १२ व्होल्ट आहे का ९, ते वाचून घ्या.

नेटवर्कवाला
दादरच्या ताई, दिरांनी काम चोख केलंय. दोन्ही राऊटरना नाव-पासवर्ड एकच ठेवा, चॅनल वेगळे, म्हणजे फोन आपोआप जवळचा पकडतो. जुन्याचे पोर्ट १०० एमबीपीएसचे असतील तर आत तेवढंच मिळेल, शाळेला भरपूर झालं. वायर लॅमिंग्टन रोडला मिळेल. पूर्ण तांब्याचीच मागा, ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा असलेली स्वस्त पडते पण लवकर तुटते.

सई
दाराच्या चौकटीतून वायर नेताना भोक केवढं पाडायचं? सुतार उद्या येतोय

नेटवर्कवाला
वायरीच्या टोकाचा कनेक्टर नंतर लावा, मग वायरीपुरतं बारीक भोक पुरे. तो दाबून बसवायचं क्रिंपिंग टूल आहे माझ्याकडे. परळला आहे मी, घेऊन जा.

सई
रविवारी दुपारी आले तर चालेल?

नेटवर्कवाला
चारनंतर या