नळीतला प्रवाह नेमका कधी खवळतो?

प्रश्न: रेनॉल्ड्स अंक (प्रवाहाचा वेग, नळीचा व्यास आणि द्रवाची श्यानता म्हणजे दाटपणा यांवरून काढलेली संख्या) २३०० ओलांडताच स्तरीय, म्हणजे थराथरांनी शांत वाहणारा, प्रवाह प्रक्षुब्ध, म्हणजे खळबळीचा, होतो, असे पाठ्यपुस्तकात वाचले. ही सीमा खरोखरच इतकी काटेकोर आहे का?

उत्तर: नाही. ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी १८८३ मध्ये मँचेस्टर येथील प्रयोगात काचेच्या नळीत रंगाची बारीक धार सोडली, तेव्हा टाकीतले पाणी पुरेसे स्थिर होऊ दिल्यास ती धार रेनॉल्ड्स अंक सुमारे १२,००० होईपर्यंत अखंड राहते, म्हणजेच प्रवाह स्तरीय राहतो, असे त्यांना आढळले. या प्रयोगाचे सौंदर्य मला त्या संयमातच दिसते.

प्रश्नकर्ता: मग २३०० या आकड्याला अर्थ काय उरतो?

दुसरे उत्तर: त्याच्या बऱ्याच खाली मोठे धक्केही श्यानतेमुळे विरून जातात, त्याच्या वर मात्र नळीच्या तोंडाशी झालेली खळबळ टिकू शकते. एक सेंटिमीटर व्यासाच्या नळीत २० अंश सेल्सिअसच्या पाण्याला २३०० हा अंक गाठण्यासाठी सेकंदाला केवळ २३ सेंटिमीटर वेग पुरतो.