दोन फाशांची पद्धत सोपी, पण कोणाला?

नियम कमी म्हणून 'अपोकॅलिप्स वर्ल्ड'च्या वळणाचे रोल-प्लेइंग खेळ (पात्रं घेऊन, फासे टाकत गोष्ट रचायचे) नवख्यांसाठी सोपे, असं या चर्चेत दोघातिघांनी लिहिलंय. खेळणाऱ्यांसाठी सोपे, कबूल. खेळ चालवणाऱ्याचा, म्हणजे प्रसंग मांडणाऱ्याचा, घाम निघतो, ते कोणीच बोलत नाहीये.

गणपतीत मालवणला घरी चुलत भावंडं जमली होती. लाईट गेलेली, बाहेर पाऊस, आणि माझा वीस बाजूंचा फासा मुंबईत राहिलेला. (मालवणात तसला कुठे मिळणार!) मग ल्युडोचे दोन फासे घेतले आणि वादळात खाडीतून होडी बाहेर काढायचा प्रसंग लावला. 'डी अँड डी'मध्ये ('डन्जन्स अँड ड्रॅगन्स' या जुन्या रोल-प्लेइंग खेळात) हे एका फेकीत मिटलं असतं: वीसच्या फाशावर प्रत्येक आकड्याची शक्यता सारखीच ५ टक्के, लक्ष्य गाठलं की जमलं, नाही तर फसलं. 'अपोकॅलिप्स वर्ल्ड'च्या दोन फाशांत मात्र बेरीज मधल्या आकड्यांकडे ओढली जाते. १० किंवा वर पूर्ण यश, ६ पर्यंत फसगत, आणि ७ ते ९ म्हणजे जमलं, पण किंमत मोजून. पात्राच्या गुणांमुळे बेरजेत अधिकउणे काही होत नसेल तर ३६ पैकी १५ वेळा हेच येतं, म्हणजे जवळजवळ ४२ टक्के. दर वेळी ती किंमत मीच सुचवायची! वल्हं गेलं, जाळं फाटलं, होडी खडकाला घासली... तासाभरात माझं डोकं रिकामं. पोरं मात्र खूश, जेवायला उठेनात.