शब्दचर्चा : ‘विकल्प येणे’, ‘तिकडं’ आणि ‘सुटणे’

पार्कचौकी (धागाकर्ता) :

एका शब्दाबद्दल विचारायचंय, पण तो कुठं ऐकला ते सांगितल्याशिवाय प्रश्न कळायचा नाही.

सोलापुरात पार्क चौकाजवळच्या एका हॉटेलात दर रविवारी सकाळी आम्ही सहा-सातजण चहाला बसतो. सगळे एकेकाळी एकाच महाराजांच्या गटात होतो, कुणी चार वर्षं, कुणी एकवीस. गटाचं नाव सांगत नाही. पेपरात व्हायची तेवढी छी-थू झालेली आहे आणि इथं विषय शब्दांचा आहे. आता आमच्या गप्पा म्हणजे पोरांच्या नोकऱ्या, गुडघे, नळाला पाणी किती दिवसांनी आलं आणि यंदा हुरड्याला कुणाच्या शेतात जायचं. देवाधर्माचं नावही निघत नाही. पण शेजारच्या टेबलावरच्यानं कान दिला तर त्याला वाटेल, ही मंडळी अजून तिथंच आहेत.

परवा वेटरनं दुसऱ्या चहाचं विचारलं. आमच्यातले अण्णा, वीज खात्यातून निवृत्त, क्षणभर थांबले. साखरेचा त्रास आहे त्यांना. तेवढ्यात अक्का म्हणाल्या, “अण्णांना विकल्प आला बघा!” सगळे एवढे हसले की गल्ल्यावरचा मालक वळून बघायला लागला.

तिकडं असताना हा शब्द हसण्यावारी न्यायचा नव्हता. ‘तुला विकल्प आलाय’ म्हणजे तुझी श्रद्धा डळमळली. देणगीचा हिशोब विचारला, विकल्प. लेकीच्या लग्नाची तारीख बदला म्हणून निरोप आला आणि तुम्ही नुसतं “का?” म्हणालात, विकल्प. आणि एकदा आला की तो ताप उतरवावा तसा उतरवावा लागे. म्हणजे जादा सेवा. मी पंधरा दिवस सतरंज्या झटकल्यात त्यापायी.

आता गंमत अशी की नातीच्या हिंदीच्या पेपरात ठळक अक्षरात छापलंय, “सही विकल्प चुनिए.” मी तो कागद बराच वेळ हातात धरून बसलो. मग या शब्दाचा मूळ अर्थ शंका की पर्याय? आणि आपल्याकडं तो एवढा वाईट कधी झाला?

जाता जाता दुसरं. आमच्यासारख्यांना मराठीत काय म्हणतात? ‘माजी साधक’ म्हटलं की माजी नगरसेवक आठवतो.

---

व्याकरणवाली :

दोन्ही अर्थ जुने आहेत, भांडण लावू नका त्यांच्यात. ‘वि + कॢप्’, म्हणजे वेगवेगळ्या प्रकारे कल्पिणं. एकाच गोष्टीच्या दोन शक्यता मनासमोर उभ्या राहिल्या की तो विकल्प. त्यातली एक घ्यायची मोकळीक असेल तर पर्याय, आणि कोणती घ्यावी हे ठरत नसेल तर शंका. शब्द तोच, माणसाची अवस्था वेगळी.

व्याकरणात तो अगदी निरुपद्रवी आहे. ‘हे रूप विकल्पाने होते’ म्हणजे झालं तरी चालेल, न झालं तरी चालेल. वेदान्तात मन हे संकल्पविकल्पात्मक आणि बुद्धी निश्चय करणारी. म्हणजे विकल्प येणं हा मनाचा रोग नाही, त्याचं रोजचं काम आहे. पतंजलीनं मात्र वेगळाच अर्थ घेतलाय. चित्ताच्या पाच वृत्तींमध्ये प्रमाण, विपर्यय, निद्रा, स्मृती यांच्यासोबत विकल्प येतो, आणि तिथं त्याचा अर्थ ‘शब्द आहे पण त्यामागे वस्तू नाही’ असं ज्ञान. टीकाकार ‘राहूचं डोकं’ हे उदाहरण देतात. राहू म्हणजेच नुसतं डोकं, मग ‘राहूचं’ म्हणजे कुणाचं?

तुमच्या महाराजांच्या कानावर बहुधा ‘निर्विकल्प समाधी’ गेली असावी. ती शेवटची पायरी. तुमच्याकडं ती प्रवेश अर्जावरच मागत होते असं दिसतं.

मीमांसकांचं, म्हणजे वेदातल्या यज्ञविधींच्या वाक्यांचा अर्थ लावणाऱ्यांचं, एक सांगून थांबते. ‘व्रीहींनी यज्ञ करावा’ आणि ‘यवांनी करावा’ अशी दोन वाक्यं समोर आली तर तांदूळ घ्या नाहीतर जव घ्या, दोन्हीला सारखाच आधार. हा त्यांचा विकल्प. पण त्यांना तो फारसा आवडत नाही. विकल्प मानला की आठ दोष लागतात, म्हणून दुसरा मार्ग असेपर्यंत मानू नये, असं त्यांचं म्हणणं. तेव्हा निवडीची भीती काही तुमच्या महाराजांनी शोधून काढलेली नाही.

---

शेंगाचटणी :

मराठीत शंकेला साधे शब्द काय कमी आहेत? मनात किंतु येतो, पाल चुकचुकते. “माझ्या मनात पाल चुकचुकली” म्हणाला असता तर सगळा दोष पालीवर गेला असता, सतरंज्या झटकाव्या लागल्या नसत्या.

---

पार्कचौकी :

@शेंगाचटणी, पुढच्या जन्मी नक्की.

@व्याकरणवाली, तांदूळ आणि जव! रविवारी सांगतो सगळ्यांना. एक शंका (विकल्प नव्हे) : ‘संकल्प’ हा ‘विकल्प’च्या उलट, बरोबर? मग आपण पूजेत संकल्प ‘सोडतो’ असं का म्हणतो? सोडला तर राहिला कुठं?

---

व्याकरणवाली :

हातावरून पाणी सोडतात म्हणून. ‘उदक सोडणे’ची सोबत. व्यसन सोडण्याशी संबंध नाही.

---

गिरणीवाल्याची नात :

तुम्हाला काय म्हणायचं याला माझ्याकडं उत्तर आहे, पण ते तुमच्याच बोलण्यातून निघेल. तुम्ही आपसात काय विचारता? “कधी सोडलंस?” की “कधी बाहेर पडलास?”

---

पार्कचौकी :

नाही. “कधी सुटलास?” असं विचारतो. आत्ता तुम्ही विचारल्यावर लक्षात आलं.

---

गिरणीवाल्याची नात :

वाटलंच मला. आमच्या आजोबांची पाळी गिरणीत असायची. भोंगा झाला की आजी चुलीवर तवा टाकायची आणि म्हणायची, “गिरणी सुटली.” माणसं सुटली नाही, गिरणी सुटली. शाळा सुटते, नाटक सुटतं, गाडी सुटते. तुरुंगातून मात्र माणूस सुटतो, आणि दुखण्यातून म्हातारी ‘सुटली बिचारी’. सुटणे हा मराठीतला फार उदार शब्द आहे. सुटण्यात तुमचा पराक्रम किती आणि भोंग्याचा किती, ते तो विचारत नाही.

‘सोडलं’ म्हटलं की लगेच ‘का सोडलं’ विचारतात. ‘सुटलो’ म्हटलं की लोक पाणी विचारतात.

---

पार्कचौकी :

हे वाचून दाखवलं काल फोनवर. अण्णांनी लगेच पुढं ओढलं, “म्हणजे मी पहिल्या पाळीचा, तू दुसऱ्या पाळीचा, आणि अक्का रातपाळीच्या.” अक्का सगळ्यात शेवटी बाहेर पडल्या, एकवीस वर्षांनी. हा शब्द आता आमच्यात रूढ झाल्यात जमा आहे.

---

आगाऊ कार्टा :

एवढं काय शब्द शोधत बसलाव बे? इंग्रजीत कल्ट म्हणतात, एक्स-कल्ट मेंबर. विषय संपला.

---

पार्कचौकी :

संपत नाही ना बाबा. ‘कल्ट’ मराठीत आणला की पेपरवाले ‘पंथ’ छापतात. आता पंथ म्हणजे वाट. नाथपंथ आहे, महानुभाव पंथ आहे. तिथं घरंच्या घरं पिढ्यान्‌पिढ्या सुखानं नांदतात. आमच्या एका महाराजांसाठी त्या सगळ्यांच्या नावाला डाग कशाला? ‘संप्रदाय’ तर त्याहून वजनदार. त्यात ‘देणं’ आहे, एकानं दुसऱ्याच्या हाती नीट सोपवलेलं. आमच्याकडं देणं होतं, पण एकाच दिशेनं.

आणि खरं सांगू? आम्ही आपसात ‘पंथ’ही म्हणत नाही आणि ‘कल्ट’ही. आम्ही म्हणतो ‘तिकडं’. “मी तिकडं असताना”, “तिकडची ती पांढरी गाडी”, “तिकडनं फोन आलता का परत?” नाव कुणीच घेत नाही. ठरवून नाही, जिभेवर येतच नाही.

---

व्याकरणवाली :

जुन्या घरांमध्ये बायका नवऱ्याचं नाव घेत नसत. ‘इकडून’ म्हणायच्या. “इकडून चहा घेणं झालं का?” आणि माणूस समोर नसला की ‘तिकडून’. दिशादर्शक शब्द म्हणजे आदराचं शेवटचं टोक, आणि भीतीचंही. तुमच्या ‘तिकडं’त यातलं किती काय आहे ते तुम्हीच ठरवा. मी फक्त प्रयोग नोंदवते.

---

पार्कचौकी :

ताई, हे आक्कांना नको सांगायला. त्या हसतील आणि मग दिवसभर गप्प बसतील.

---

भीमेकाठचा :

धागा आवडला. नावं कशी बिघडतात याची आपल्याकडं मोठी उदाहरणं आहेत. महानुभाव म्हणजे ज्याचा अनुभाव, म्हणजे प्रभाव, थोर तो. त्याचं बोलण्यात ‘मानभाव’ झालं आणि मग ‘मानभावी’ म्हणजे गोड बोलून गळा कापणारा. “करणी कसाबाची, बोलणी मानभावाची” ही म्हण आपण बिनदिक्कत वापरतो. कसाबाच्या धंद्यालाही त्यात ओढलंय आणि चक्रधरांच्या अनुयायांनाही. तेराव्या शतकातल्या या पंथाच्या मंडळींनी मराठी गद्य उभं केलं आणि मराठीनं परतफेड म्हणून त्यांच्या नावाची शिवी केली. म्हणून ‘पंथ’ शब्द जपून वापरताय ते बरं आहे.

दुसरा शब्द ‘पाखंड’. आज पाखंडी म्हणजे ढोंगी किंवा धर्मबुडवा. पण अशोकाच्या शिलालेखांत ‘पासंड’ म्हणजे नुसता पंथ, चांगला-वाईट काही नाही. हे लेख बघायला सोलापूरकरांना लांबही जावं लागत नाही. कलबुर्गीच्या पुढं सन्नती आहे. चंद्रलांबा परमेश्वरीचं ठाणं, तुमच्याकडच्या कित्येक घरांची कुलदेवता. १९८० च्या दशकात तिथल्या कालीच्या देवळाचं छत कोसळलं आणि मूर्तीखालची शिळा उघडी पडली, तर ती अशोकाची निघाली! ब्राह्मी लिपी, प्राकृत भाषा. त्या शिळेवर जे लेख आहेत त्यात बारावा आहे, आणि बारावा लेख नेमका या विषयावरचा : सगळ्या पासंडांचा मान राखा, आपल्याच पासंडाची स्तुती आणि दुसऱ्याची निंदा उगाच करू नका. त्यासाठी त्यानं ‘वचगुती’ हा शब्द वापरलाय. वाचागुप्ती, वाणी सांभाळणं.

नंतरच्या लोकांनी त्याच शिळेला भोक पाडून वर देवी बसवली. किती वर्षं लोक त्या लेखावर उभ्या असलेल्या मूर्तीला नमस्कार करत होते!

---

आगाऊ कार्टा :

आमची कुलदेवी हाय चंद्रलांबा. चार वेळा जाऊन आलाव, कुणी सांगितलं नाही बे हे.

---

भीमेकाठचा :

@पार्कचौकी, परंपरेत तुमच्यासाठी शब्द होता, पण आवडणार नाही. ‘आरूढपतित’. संन्यासाच्या पायरीवर चढून खाली आलेला. ज्ञानेश्वरांचे वडील विठ्ठलपंत संन्यास घेऊन परत संसारात आले, आणि ‘संन्याशाची पोरं’ हे शब्द त्या चार भावंडांनी ऐकून घेतले.

---

पार्कचौकी :

शब्द जड आहे, पण त्या चार भावंडांच्या ओळीत बसवताय तर नाही कशाला म्हणू.

एक मात्र खरं, परत आलेल्याला घेण्याची तयारी भाषेत कमीच दिसते. ‘पूर्वाश्रमीचे’ हा शब्द संन्यास घेतल्यावर मागचं नाव सांगायला. आमचा उलटा प्रकार. माझा पूर्वाश्रम म्हणजे तिकडचा. तिकडं मला वेगळं नाव दिलेलं होतं. ते आता कुणी हाक मारायला वापरत नाही, पण अण्णांच्या फोनमध्ये माझा नंबर अजून त्याच नावानं सेव्ह आहे. “बदला की,” म्हटलं. म्हणाले, “मग सापडणार कसा तू?”

---

शेंगाचटणी :

आमचे एक काका पुण्याला रजनीशांकडं होते, भगवे कपडे आणि एकशे आठ मण्यांची माळ घालून. तिथं पुरुषाला ‘स्वामी’ आणि बाईला ‘मा’ लागायचं, पुढं नवीन नाव. १९८५ साली भगवे आणि माळ सक्तीची नाही असं खुद्द गुरूंनीच सांगितलं, तसे काकांनी कपडे बदलले. पण काकूला रागावून हाक मारायची असली की “स्वामी!” म्हणायची. तेवढ्यापुरता तो शब्द घरात शेवटपर्यंत टिकला.

---

गिरणीवाल्याची नात :

आणि एकमेकांना? गुरू राहिला नाही तर ‘गुरुबंधू’ तरी कसं म्हणणार?

---

पार्कचौकी :

म्हणत नाही. अण्णा, अक्का, मामा, सर. सोलापुरात नाती काय, कानडीतनं घ्या नाहीतर तेलुगूतनं, सापडतातच. बाकी शब्द मात्र गेलेले नाहीत. उठताना कुणीतरी “आज्ञा आहे ना?” म्हणतंच. आधी त्या शब्दाशिवाय गावाबाहेर जाता येत नव्हतं. आता त्याचा अर्थ ‘बिल दिलंय का कुणी?’ एवढाच. मामा अजून चहाचा पेला कपाळाला लावून मगच तोंडाला लावतात. गरम असतो, चटका बसतो, तरी.

@व्याकरणवाली, तुमच्यासाठी कालच्या रविवारचं एक उदाहरण. नवीन एक पोरगा आला होता, चार महिन्यांपूर्वीच सुटलेला. सत्तावीस-अठ्ठावीसचा असेल. आपण होऊन काही बोलेना. वेटर येऊन उभा राहिला, “काय आणू, चहा की कॉफी?” पोरगा आमच्याकडं बघायला लागला, एकेकाच्या तोंडाकडं, कुणीतरी सांगेल म्हणून. मला ओळखीचं वाटलं ते बघणं. मी तोंड उघडणार तेवढ्यात अक्कांनी टेबलाखालनं माझ्या पायावर पाय दिला. गप्प बसलो. वेटर फडकं खांद्यावर टाकून उभा. बाहेर रिक्षावाला हॉर्न मारत होता. चांगलं दोन मिनिटं चाललं हे.

शेवटी पोरगा म्हणाला, “लिंबू सरबत मिळंल का?”

हे तुमच्या तांदूळ-जवात कुठं बसवायचं?