मदत हवी आहे : वॉकमन आणि सार्वजनिक वागणं, प्रात्यक्षिकासाठी

सोलापुरात कॉलेजच्या मुलांसाठी एक प्रात्यक्षिक ठरतंय : कानात गाणी असली की माणूस चारचौघांत कसा वागतो?

सुरुवात १९७९च्या सोनी टीपीएस-एल२ पासून, म्हणजे पहिल्या वॉकमनपासून. त्याला हेडफोनची दोन भोकं होती, कारण एकट्यानंच ऐकणं उद्धटपणाचं वाटेल अशी कंपनीच्या प्रमुखांना धास्ती होती. शिवाय नारिंगी बटण दाबलं की गाणं हळू होऊन माइकमधून समोरच्याचं बोलणं ऐकू यायचं. २००१च्या आयपॉडची पांढरी वायर मात्र लांबूनच ओळख सांगायची. हा फरक मुलांना हाताळून कळावा, ही मनापासूनची इच्छा आहे.

अडचण बेल्टची. जुन्या कॅसेट प्लेअरमध्ये मोटरच्या जोरावर टेप फिरवणारा रबरी बेल्ट विरघळून डांबरासारखा चिकटतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाच्या काडीनं पुली (बेल्ट ज्यावर फिरतो ती चाकं) साफ होते. नवा बेल्ट पुलींभोवती दोरा फिरवून आलेल्या मापापेक्षा ५ ते १० टक्के कमी घ्यायचा. जास्त ताणला तर मोटर अडते, सैल राहिला तर सूर डळमळतो.

दोघांनी ऐकायला स्प्लिटर (एका भोकातून दोन हेडफोन जोडणारी वायर) लावताना दोन्ही हेडफोन सारख्याच ओहमचे (विद्युत रोधाचे) हवेत, नाहीतर एकाला आवाज मोठा, दुसऱ्याला बारीक. ३२ ओहमचे दोन जोडले की प्लेअरवर १६चा भार पडतो.

नवी पेठ किंवा पार्क चौकाच्या आसपास बारीक चौकोनी बेल्ट कुठे मिळतील? आणि हुतात्मा एक्सप्रेसमध्ये निरीक्षण करताना नेमकं काय टिपावं : बोलताना एक इअरफोन काढणं, दोन्ही काढणं, की नुसती मान हलवणं?