प्रेशर वाढवू नका, आधी हवा कुठून गळतेय ते बघा

तुम्ही म्हणताय हवेच्या दाबावर चालणारी तुमची खिळे मारायची गन खिळा अर्धाच मारते आणि ट्रिगरला हात न लावताही फुसफुस चालू असते, आणि त्यावर या चर्चेत वर कुणीतरी सरळ हवेचं प्रेशर वाढवा म्हणून सांगितलंय. कृपया तसं करू नका!! बहुतेक गनची कमाल मर्यादा १०० ते १२० पीएसआयच्या (दाबाचं एकक) आसपास असते, त्यावर गेलात तर सील तर जातीलच पण जिवाशी खेळ होईल.

खिळे सगळे काढा, मग होस (हवेची नळी) जोडा, बोट ट्रिगरपासून लांब, गनचं नाक (खिळा निघतो ते टोक) कुणाकडेही नको, आणि सांध्यांवर साबणाचं पाणी लावून बुडबुडे कुठे येतात ते बघा. ट्रिगरपाशी आले तर ट्रिगर व्हॉल्वची ओ-रिंग (हवा अडवणारं रबरी कडं) गेलेली, वरच्या एक्झॉस्टमधून (वापरलेली हवा बाहेर पडते ते भोक) हवा येत असेल तर बहुतेक हेड व्हॉल्वची (पिस्टनवर हवा सोडणारी वरची झडप), नाकातून आली तर बंपर (पिस्टन खाली आदळतो ती रबरी गादी) किंवा पिस्टनची रिंग.

उघडण्याआधी होस काढायचीच, याला पर्याय नाही. जुनी ओ-रिंग बोटांनी जरा ताणून उजेडात धरा, एका बाजूने चपटी झालेली असते किंवा बारीक चिरा दिसतात. नवीन बसवताना सिलिकॉन ग्रीस लावा, आणि आतले भाग पेट्रोलने धुऊ नका, रबर फुगतं.

आणि हो, पहिला खिळा नीट जाऊन भराभर मारताना पुढचे अर्धे राहत असतील तर गळती असली तरी कॉम्प्रेसर आणि होसपण तपासा, हवा पुरत नसेल.