मदत हवी आहे: रेडिएशननंतर आईच्या फुप्फुसाला सूज, बरं वाटतंय तर स्टिरॉइड बंद करावं का?

घाटमाथा:
नमस्कार मंडळी. जरा लांबलंय, सांभाळून घ्या.

आई, वय ६३, कराडजवळ राहते. मधुमेह आहे. उजव्या स्तनाचा कॅन्सर. ऑपरेशन आणि केमो उरकून मग १५ दिवस रेडिएशन (आमच्याकडे सगळे 'लाइट' म्हणतात). शेवटचा लाइट दिवाळीच्या आधी झाला. मार्गशीर्षातल्या शेवटच्या गुरुवारी पोथी वाचताना तिला अशी उबळ आली की उरलेली पोथी वहिनीने पूर्ण केली. तेव्हापासून कोरडा खोकला, संध्याकाळची कणकण, जिना चढला की दम. गावातल्या डॉक्टरांनी महिनाभरात तीनदा अँटिबायोटिक बदललं. लाइट संपून दोन महिने झाले होते, त्यामुळे ते त्यांना सांगायचं आमच्याच डोक्यात आलं नाही.

शेवटी छातीच्या डॉक्टरांनी सीटी स्कॅन काढला. उजव्या फुप्फुसाच्या पुढच्या कडेला पांढरट पट्टा, आतली बाजू पट्टी लावून कापल्यासारखी सरळ. "इन्फेक्शन अशी रेघ ओढून पसरत नाही. लाइट जिथून गेला तेवढाच भाग सुजलाय," म्हणाले. निदान रेडिएशन न्यूमोनायटिस. रोज प्रेडनिसोलोन ४० मिलिग्रॅम, दोन आठवड्यांनी दाखवायला या.

आज अकरावा दिवस. खोकला बराच बसलाय. पण झोप उडाली, चिडचिड वाढली, आणि भाऊ म्हणतो स्टिरॉइड वाईट, आता बरी आहेस तर सोड. शेजारच्या काकू रोज ज्येष्ठमधाचा काढा पाठवतात. वर कोणीतरी तिच्या मनात भरवलंय की अंगात किरण राहतात, म्हणून दोन वर्षांच्या नातवाला ती मांडीवर घेत नाही.

गोळी थांबवू का? आणि हे फुप्फुस पूर्ववत होतं का?

दमछाक:
थांबवू नका. वडिलांच्या वेळी आम्ही हाच शहाणपणा केला होता. फुप्फुसाचाच कॅन्सर, लाइटनंतर हीच सूज. तिसऱ्या आठवड्यात गोळी बंद केली, आठवड्याभरात दम दुप्पट झाला आणि पुन्हा पहिल्या डोसपासून सुरुवात. नंतर डोस उतरवत आणायलाच अडीच महिने गेले.

आल्याचा_चहा:
मी डॉक्टर आहे (कॅन्सरचा नाही, मेडिसिनचा), पण पेशंट तपासलेला नाही, एवढं धरून वाचा.

ही सूज लाइट संपल्यावर साधारण एक ते सहा महिन्यांत येते, म्हणून तर दोन्ही गोष्टींचा संबंध कोणाच्या लक्षात येत नाही. स्टिरॉइड सूज दाबतं, पण खोकला गेला म्हणजे सूज गेली असं नाही. म्हणून सुरुवातीचा डोस काही आठवडे आणि मग हळूहळू उतरवणं.

शुगर उपाशीपोटी मोजत असाल तर फसाल. सकाळी घेतलेल्या प्रेडनिसोलोनने ती दुपारनंतर चढते. जेवणानंतर दोन तासांनी आणि रात्रीच्या जेवणाआधी मोजा, आकडे डॉक्टरांना कळवा. मधुमेहाचं औषध तात्पुरतं वाढवता येतं. गोळी सकाळी नाश्त्यासोबतच घ्या, झोपेला फरक पडेल. जंतुसंसर्गापासून बचावासाठी वेगळी गोळी लागते का, तेही विचारा.

ज्येष्ठमध मात्र आजपासून बंद. स्टिरॉइडसोबत ते रक्तदाब वाढवतं आणि पोटॅशियम उतरवतं. काकूंना सांगा, आल्याचा चहा पाठवा. :)

एक विचारायचं राहिलं. स्टिरॉइडआधी टीबीची तपासणी झाली होती का?

घाटमाथा:
हो. बेडका पडतच नव्हता, मग मिठाच्या पाण्याची वाफ देऊन काढला. सीबीनॅट (टीबीची बेडक्यावरची चाचणी) निगेटिव्ह.

किरणोपासक:
मी रेडिएशन विभागात फिजिसिस्ट आहे, माझ्या वाट्याचं बोलतो. मशीन बंद झालं की किरण संपले, अंगात काही उरत नाही. आजीने नातवाला खुशाल मांडीवर घ्यावं. (पोटातून किरणोत्सर्गी आयोडीनचा डोस घेतलेल्यांचे नियम वेगळे, तिथूनच ही अफवा इकडे येत असावी.)

पूर्ववत होण्याबद्दल: सूज ओसरली तरी त्या पट्ट्यात सहा महिने-वर्षभराने व्रण धरतो आणि तो बहुतेक कायमचा. तो पुसणारं औषध नाही. पण स्तनाच्या लाइटमध्ये फुप्फुसाची पातळ कडच सापडते, बाकीचं फुप्फुस काम निभावून नेतं. त्याला धुरापासून जपा. न्हाणीत लाकडांचा बंब असेल तर आईंना तिथून लांब ठेवा.

चाफेकळी:
थोडं अवांतर. माझ्या जावेचे पुढच्या महिन्यात डाव्या बाजूचे लाइट आहेत. आधीच काय काळजी घ्यायची?

किरणोपासक:
खोल श्वास रोखून लाइट देण्याची सोय आहे का ते विचारा. छाती फुगली की हृदय लाइटच्या वाटेतून मागे सरकतं. आणि प्लॅनमध्ये 'व्ही-ट्वेंटी' किती आहे ते विचारा, म्हणजे २० ग्रे किंवा जास्त डोस मिळणारं फुप्फुस किती टक्के. घरात कोणी सिगारेट ओढत असेल तर अंगणातही नको.

दमछाक:
घाटमाथा, ऑक्सिमीटर आहे ना? बसून आकडा बघा, मग अंगणात सहा मिनिटं चालवून लगेच परत बघा. बसल्याजागी सगळं ठीकच दिसतं, आम्ही त्यावरच गाफील राहिलो.

घाटमाथा:
आत्ता बघितलं. बसून ९५, चालून ८९. गेल्या आठवड्यात चालून ९३ होता. मला शंका आली म्हणून गोळ्यांचं पाकीट मोजलं. २० च्या दोन-दोन घ्यायच्या आहेत, तर सहा जास्त निघाल्या. तीन दिवस घेतलेल्याच नाहीत. विचारलं तर म्हणाली, "तुझा दादा सांगत होता."

आल्याचा_चहा:
८९ असेल तर दोन आठवडे पुरे व्हायची वाट बघू नका. आत्ताच डॉक्टरांना फोन करा आणि तीन दिवस चुकलेत हे पहिल्या वाक्यात सांगा. किती घ्यायची ते तेच ठरवतील. पोटरी सुजलीय का, छातीत एकदम कळ आली का, तेही सांगा. फुप्फुसात अडकलेल्या रक्ताच्या गुठळीनेही ऑक्सिजन उतरतो. बसल्याजागी ९२ च्या खाली गेला तर फोनवर न थांबता थेट दवाखाना.

घाटमाथा:
लागला फोन. तासाभरात बोलावलंय. दादाच गाडी काढतोय.