मदत हवी आहे : तळणीच्या तेलापासूनच्या बायोडिझेलचा पर्यावरणीय हिशेब कसा मांडावा?

नमस्कार. तालुक्यातील खानावळी व फरसाणवाल्यांकडून वापरलेले तळणीचे तेल गोळा करून त्याचे बायोडिझेल बनवण्याचा लहान प्रकल्प आम्ही काही मित्र आखत आहोत, आणि बँकेला द्यायच्या टिपणात ‘पर्यावरणपूरक’ हा शब्द लिहिण्यापूर्वी तो कितपत खरा आहे, हे मला तपासायचे आहे.

बायोडिझेलसाठी खास पीक घेण्याचे तोटे दिसतात : इंडोनेशियात पामच्या लागवडीसाठी दलदलीची पीट (अर्धवट कुजलेल्या वनस्पतींची) जमीन कोरडी केली, की तिच्यात साठलेला कार्बन बाहेर पडतो. आपल्याकडील मोगली एरंडानेही पडीक जमिनीवर पाण्याविना अपेक्षेइतके उत्पन्न दिले नाही. टाकाऊ तेलाला जमीन लागत नाही, शिवाय 25 टक्क्यांहून अधिक ध्रुवीय संयुगे (तेल वारंवार तापवल्याने तयार होणारे विघटित घटक) असलेले तेल खाण्यास वापरणे कायद्यानेच वर्ज्य आहे, म्हणून आम्ही इकडे वळलो.

अडचण पुढे येते. तेलाची मिथेनॉल या अल्कोहोलशी अभिक्रिया केली, की बायोडिझेल व ग्लिसरीन मिळते. या अभिक्रियेच्या समीकरणानुसार 100 किलो तेलाला सुमारे 11 किलो मिथेनॉल लागते, प्रत्यक्षात बहुधा त्याच्या दुप्पट घालतात, आणि हे मिथेनॉल मुख्यतः नैसर्गिक वायू किंवा कोळशापासूनच तयार होते. उरलेले मिथेनॉल परत मिळवण्यासाठी लागणारी उष्णता हिशेबात कशी धरावी? तयार बायोडिझेलच्या धुलाईचे साबणमिश्रित पाणी नाल्यात न सोडता लहान प्रमाणावर कसे शुद्ध करावे, की पाण्याऐवजी शोषक पदार्थ वापरणारी कोरडी धुलाईच बरी? 100 किलो तेलामागे सुमारे 10 किलो अशुद्ध ग्लिसरीनही उरते. त्याला गिऱ्हाईक नसल्यास ते बायोगॅस संयंत्रात घालण्याचा अनुभव कोणास असल्यास, प्रमाणासह कृपया कळवावे.